शरीरचिन्हांची नोंद : भारतातील कायदेशीर नियमन

इसमाची ओळख निःसंशय ठरविण्याकरिता त्याच्या बोटांचे ठसे, छायाचित्र वा अन्य शारीरिक लक्षणे शासनाने कोणत्या मर्यादेत घ्यावी, किती काळ दप्तरी ठेवावी व केव्हा नष्ट करावी, हे ठरविणाऱ्या तरतुदी. बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने १८५८ मध्ये राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या हाताचा छाप करारनाम्यावर घेतला, तो केवळ त्याने पुढे करार नाकबूल करू नये म्हणून; परंतु अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांच्या परिश्रमांतून एडवर्ड हेन्रीची वर्गीकरणपद्धती आकारास येऊन १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांचे स्वतंत्र दप्तर स्थापन झाले, तेव्हा दस्तऐवजाचे हे साधन फौजदारी तपासाचे झाले.

त्यास कायद्याची चौकट १९२० च्या कैदी-ओळख अधिनियमाने दिली. एक वर्ष वा अधिक सक्तमजुरीस पात्र अशा गुन्ह्यातील दोषी व अटक झालेले इसम मुख्यतः त्याच्या कक्षेत येत. तपासाकरिता अन्य प्रसंगी दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागे. ठसे देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी काळू ओघड’ या प्रकरणी १९६१ मध्ये दिला. तर २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानल्यामुळे अशा नोंदींना आवश्यकतेची व प्रमाणबद्धतेची कसोटी लागू झाली.

२०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियमाने १९२० चा कायदा रद्द करून बुबुळ व दृष्टिपटल यांच्या प्रतिमा, जैविक नमुने, स्वाक्षरी व हस्ताक्षर यांचाही अंतर्भाव केला, आणि पूर्वी फौजदाराच्या दर्जाखालील शिपायास सामान्यतः नसलेला अधिकार हवालदारापर्यंत उतरविला. जैविक नमुने देण्यास नकार देण्याची मुभा अटक झालेल्यास आहे. मात्र स्त्री वा बालक यांविरुद्धचा अथवा सात वर्षे वा अधिक शिक्षेचा गुन्हा असल्यास ती उरत नाही. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमही गुन्ह्यांच्या तपासास आपल्या बहुतेक बंधनांतून सूट देतो. म्हणून या नोंदींपुरते संरक्षण प्रामुख्याने २०२२ च्या अधिनियमातच शोधावे लागते.

नियमनाची खरी परीक्षा नोंद घेण्यापेक्षा ती पुसण्यात होते. पूर्वशिक्षा नसलेला इसम निर्दोष सुटल्यास त्याची मापे नष्ट करावी अगर त्याच्या स्वाधीन करावी, असा १९२० चा सर्वसाधारण नियम होता. २०२२ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्र नोंदी पंचाहत्तर वर्षे जतन करते, व अशा इसमाची नोंद सर्व कायदेशीर उपाय संपल्यानंतरच, आणि न्यायालयाने वा दंडाधिकाऱ्याने सकारण अन्यथा हुकूम न केल्यास, नष्ट होते.