काटा एक, नावं तीन

कृष्णाकाठच्या कुठल्याही मोटरघरात डोकावलं, तर भिंतीवर स्टार्टरची पत्र्याची पेटी दिसते आणि तिच्या तोंडावर दोन तबकड्या. एक व्होल्टची, दुसरी अँपियरची. ओहमचा नियम कधी पाठ न केलेला बागायतदारही बांधावरून हाक मारून विचारतो, "व्होल्ट किती दावतंय? आन् अँपियर किती घेतीया?" या प्रश्नातली क्रियापदं नीट ऐकण्यासारखी आहेत. व्होल्ट 'दावतात' आणि अँपियर मोटर 'घेते'. दाब लाइनीवर उभाच असतो, मोटर चालू असो वा नसो. प्रवाह मात्र मोटर ओढेल तेवढाच. पुस्तकात हा फरक समजावायला पानभर लागतं.

तिसरं माप, रोध, पेटीवर नसतं. त्याची गाठ पडते ती मोटर जळाल्यावर, रिवाइंडिंगच्या दुकानात.

ही तिन्ही मापं वेगवेगळ्या तबकड्यांवर आणि वेगवेगळ्या नावांनी वावरतात, म्हणून तीन घराण्यांतली वाटतात. त्यांची कुळकथा मागे नेत गेलं, तर सगळ्यांचं मूळ एकाच हलणाऱ्या काट्याशी जाऊन थांबतं.

काट्याच्याही आधी होतं माणसाचं अंग. इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिशनं अठराव्या शतकात वेगवेगळे पदार्थ वीज किती सहज वाहून नेतात ते तपासलं, आणि त्यासाठी मापक म्हणून स्वतःचेच हात वापरले. धक्का मनगटापर्यंत आला की कोपरापर्यंत, यावरून तो तुलना करायचा. या नोंदी त्यानं छापल्याच नाहीत. जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं त्या 1879 साली प्रसिद्ध केल्या, तेव्हा कळलं की या भिडस्त माणसाचे अंदाज चकित करण्याइतके बरोबर होते. चौकोनी नऊ व्होल्टचा सेल जिभेला लावून 'जिवंत आहे का' ते बघणारी आमच्या वर्गातली पोरं नकळत त्याच परंपरेतली म्हणायची.

1800 साली व्होल्टानं जस्त, चांदी आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या चकत्या यांची चळत रचली आणि सतत वाहणारी वीज हाती आली. मोजायचं साधन यायला मात्र आणखी वीस वर्षं लागली. 1820 मध्ये कोपनहेगनला अर्स्टेडला दिसलं की तारेतून प्रवाह गेला की शेजारची होकायंत्राची सुई वळते. त्याच वर्षी श्वाइगरनं तारेचे अनेक वेढे सुईभोवती गुंडाळून ते वळणं कितीतरी पटींनी वाढवलं. काटा जन्मला तो असा. हा काटा दाब ओळखत नाही, रोधही ओळखत नाही. त्याला फक्त प्रवाह कळतो. पुढची सगळी कहाणी म्हणजे प्रवाहापलीकडे काही न कळणाऱ्या या काट्याकडून बाकीच्या दोन गोष्टी वदवून घेण्याच्या युक्त्या.

पहिली आणि सर्वांत देखणी युक्ती गेऑर्ग ओहमची. कुलुपं करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा कलोनच्या शाळेत शिकवायचा. तारेच्या लांबीनुसार प्रवाह किती कमी होतो, हे त्याला शोधायचं होतं. अडचण घटांची होती. त्या काळचे घट जोडल्याजोडल्या ढेपाळायचे, त्यामुळे काटा तारेमुळे उतरला की घटामुळे हेच कळेना. पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञानं सुचवलं की घट सोड आणि उष्णतेवरची वीज घे. मग ओहमनं बिस्मथ आणि तांब्याचा सांधा केला, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलं. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर दोन्हीकडची तापमानं हलत नाहीत, म्हणून दाबही हलत नाही. सोन्याच्या चपट्या तारेला चुंबकसुई टांगली. सारख्या जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या, सर्वांत आखूड 2 इंचांची आणि सर्वांत लांब 130 इंचांची. एकेक जोडून सुईला मूळ जागी आणायला किती पीळ द्यावा लागतो ते लिहून घेतलं. 1826 साली सूत्र हाती आलं, दाबाला अडथळ्यानं भागलं की प्रवाह, आणि 1827 मध्ये पुस्तक निघालं. मायदेशात त्याचं फारसं कौतुक झालं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळायला 1841 उजाडलं.

ओहमच्या मूळ सूत्रात भागाकाराच्या खाली दोन गोष्टींची बेरीज होती. एक जोडलेल्या तारेची लांबी आणि दुसरी खुद्द उगमाच्या आतला अडथळा. शाळेच्या पुस्तकात ही दुसरी गोष्ट बरेचदा गळते. आमच्याकडे ती गळत नाही. ज्याची विहीर डीपीपासून, म्हणजे रोहित्रापासून, लांब, लाइनीच्या शेवटाला, त्याला ओहमच्या आठ तारा रोज भेटतात. डीपीखाली 415 व्होल्ट दाखवणारा काटा टोकाच्या मोटरघरात बराच खाली उतरलेला असतो. मधली तार आपला वाटा खाऊन बसलेली असते. सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू झाल्या, तर त्याच तारेतून जास्त प्रवाह जातो आणि ती आणखी दाब खाते. थ्री फेजची वेळ झाली की पहिल्या मिनिटात मोटर सुरू करायची घाई असते ती यामुळेच. ज्याची उशिरा, त्याची गुरगुरते.

इथं शाळेत शिकलेल्या माणसाची एक गंमत होते. दाब कमी झाला तर प्रवाहही कमी व्हावा, असं नियम सांगतो. मोटरघरात उलटं दिसतं. व्होल्टचा काटा उतरला की अँपियरचा चढतो आणि वायंडिंग जळतं. पाच हॉर्सपॉवरच्या थ्री फेज मोटरीला साधारण साडेसात अँपियर, म्हणजे हॉर्सपॉवरला दीड, हा इथला तोंडी हिशोब. दाब घसरला की काटा तो हिशोब ओलांडून जातो. मग ओहम चुकला का? नाही. मोटर म्हणजे नुसती तार नव्हे. ती फिरत असताना आतून उलटा दाब देत असते, आणि पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचं कामही अंगावर असतं. लाइनीचा दाब कमी झाला की ती जरा मंदावते, आतला विरोध ढिला पडतो आणि काम निभावण्यासाठी ती जास्त प्रवाह ओढते. ओहमचे साधे हिशोब साध्या तारेचे, शेगडीचे. फिरणाऱ्या यंत्राला आणखी दोन ओळी लागतात.

आता नावं. 1861 साली तारायंत्राच्या समुद्री केबली टाकणारे दोन इंग्रज इंजिनिअर, लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट, यांनी सुचवलं की विजेच्या मापांना शास्त्रज्ञांची नावं द्यावीत. पण त्यांच्या यादीत 'ओहमा' हे दाबाचं माप होतं, 'व्होल्ट' रोधाचं आणि प्रवाहाला 'गॅल्व्हॅट'. ती यादी तशीच टिकली असती, तर आज बांधावरून 'ओहम किती दावतंय' अशी हाक आली असती. 1881 च्या पॅरिसच्या परिषदेत व्होल्ट, अँपियर, ओहम यांचा आजचा अर्थ ठरला. तोवर ज्यांची ही नावं, ते तिघेही शास्त्रज्ञ गेलेले होते.

मराठी नावांचा खटाटोप आमच्याच नदीवर झाला. कृष्णेकाठी वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश तयार होऊ लागला आणि त्याचा पहिला खंड 1976 मध्ये आला. पदार्थविज्ञान मराठीत लिहायचं, तर प्रत्येक संकल्पनेला शब्द हवा. तिथं 'विद्युत् वर्चस्' आणि 'वर्चोभेद' असे भारदस्त शब्द वापरले गेले. पाठ्यपुस्तकांनी 'विभवांतर' घेतलं. वाईपासून सांगलीपर्यंत पाणी बिनबोभाट वाहत येतं, हे शब्द मात्र वाटेतच जिरले. वीज कंपनी 'उच्चदाब' आणि 'लघुदाब' लिहिते, वर्तमानपत्रं 'कमी दाबानं वीजपुरवठा' छापतात, आणि मला हाच शब्द सर्वांत बरा वाटतो. पाटपाणी वापरणाऱ्या माणसाला दाब, प्रवाह आणि अडथळा वेगळे शिकवावे लागत नाहीत. 'रोध' हा शब्द आखूड असल्यानं तरला. खरा घोटाळा 'करंट'चा. "पेटीला करंट आलाय" असं आपण म्हणतो, तेव्हा पेटीतून काहीही वाहत नसतं. पत्र्यावर दाब आलेला असतो. वाहणं सुरू होतं ते कुणीतरी हात लावल्यावर.

काट्याकडे परत येऊ. टांगलेली सुई प्रयोगशाळेत ठीक, पण पृथ्वीच्या चुंबकत्वानं आणि शेजारच्या लोखंडानं ती बिथरायची. फ्रेंच वैद्यकतज्ज्ञ दार्सोनव्हालनं 1882 मध्ये मांडणी उलटी केली, म्हणजे चुंबक स्थिर आणि तारेचं वेटोळं फिरतं. एडवर्ड वेस्टन या इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या कारागिरानं 1888 च्या सुमारास त्याला घड्याळासारखी केसाएवढी स्प्रिंग आणि खड्यांचे बेअरिंग देऊन हातात नेण्याजोगं केलं. ऊनपाण्यानं फारसा न बदलणारा रोध देणारे मिश्रधातूही त्यानंच शोधले.

वेटोळ्याला आडवाटेनं जाड तुकडा जोडला की बहुतेक प्रवाह तिकडून जातो आणि काटा फक्त नमुना बघतो. हा अमीटर. त्याच वेटोळ्याच्या पुढं मोठा रोध ठेवला की चिमूटभरच प्रवाह आत शिरतो आणि त्यावरून दाबाचा हिशोब लागतो. हा व्होल्टमीटर. म्हणून पहिला ओळीत जोडायचा आणि दुसरा समांतर. मी कॉलेजात हे उलट केलं होतं. अमीटर थेट घटाच्या दोन टोकांना. काटा उजवीकडच्या खुंटीवर इतक्या जोरात आदळला की वाकला, आणि पुढचं सबंध वर्ष त्या मीटरमध्ये शून्याच्या जागी पाव दिसायचा. सर एवढंच म्हणाले, "काढ आता प्रत्येक वाचनातून पाव." स्टार्टरच्या पेटीतले काटे याच मंडळींचे चुलते. त्यांच्यात वेटोळं स्थिर आणि आतला लोखंडाचा तुकडा हलतो, म्हणून उलटसुलट होणारा प्रवाहही त्यांना चालतो. अँपियरच्या तबकडीमागे जाड तारेचे थोडे वेढे, व्होल्टच्या तबकडीमागे बारीक तारेचे पुष्कळ. फरक तेवढाच.

तिन्ही एका डब्यात आणायचं श्रेय ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकेडी या इंजिनिअरचं. टेलिफोनच्या दुरुस्तीला जाताना वेगवेगळी मापकं वाहून तो कंटाळला. 1923 साली बाजारात आलेल्या त्याच्या मीटरचं नावच अँपियर, व्होल्ट, ओहम यांची आद्याक्षरं जोडून 'ॲव्हो' ठेवलं होतं. त्याला सात पट्टे होते, तीन प्रवाहाचे, तीन दाबाचे आणि एक रोधाचा. काट्याचा कुठलाही जुना मल्टिमीटर आजही हातात घ्या. रोधाचा पट्टा उलटा असतो, शून्य उजवीकडे, आणि डावीकडे आकडे एकमेकांच्या अंगावर चढलेले. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही छपाईची चूक वाटते. काटा रोध मोजतच नसतो. तो आतल्या सेलचा प्रवाह मोजतो, आणि रोध कमी तितका प्रवाह जास्त. सेल उतरला की शून्यही उतरतं, म्हणून शेजारी ते जुळवायची कळ.

रिवाइंडिंगच्या दुकानात याहून दांडगं एक यंत्र असतं, मेगर. हे नाव एव्हरशेड अँड व्हिनोल्स या इंग्रजी कंपनीच्या मालाचं. पुढं ते जातीचंच नाव झालं. दांडा गरागरा फिरवायचा, 500 व्होल्ट तयार होतात आणि वायंडिंग मोटरीच्या अंगाला कुठं गळतंय का ते कळतं. पावसाळ्यात बुडून निघालेल्या मोटरीला इथं आधी मेगर लावतात. मग दुकानदार तीन वायरींचा आपसातला रोध बघतो. तिन्ही आकडे सारखे आले तर "कॉइल सलामत". वायर न कापता प्रवाह सांगणारा चिमटा असतो टाँग टेस्टर. तारेभोवतीच्या ज्या चुंबकत्वानं अर्स्टेडची सुई वळली, तेच हा चिमट्यात पकडतो. ताकारी, टेंभू, म्हैसाळच्या उपसा योजनांत तर दाब इतका मोठा की काटा त्याच्या जवळपासही जात नाही. रोहित्रातून आलेला 110 व्होल्टचा नमुना बघून तो वरचा आकडा सांगतो.

आणि आता कूळच पालटलंय. बाजारात मिळणाऱ्या पिवळ्या डिजिटल मीटरला काटाच नाही. आतल्या चिपला फक्त दाब कळतो. प्रवाह मोजायचा तर तो छोट्या रोधातून नेऊन तिथं पडलेला दाब बघायचा, आणि रोध मोजायचा तरी शेवटी दाबच. शंभर वर्षं प्रवाह ही आई आणि दाब ही लेक होती. आता लेकीच्या पोटी आई.

बऱ्याच मोटरघरांत आता मोबाइलवरून चालणारा ऑटो बसवलेला असतो. एक फेज गेला की मोटर बंद पडते आणि घरी फोन जातो. तरीही रात्रीच्या पाळीला गेलेला माणूस पेटीपुढं उभा राहून बॅटरीच्या उजेडात आधी अँपियरचा काटा बघतो. साडेसातच्या जागी पाच आले, तर पाणी तुटलंय किंवा पंप हवा खातोय, हे त्याला फोन यायच्या आधी कळलेलं असतं. तो फुटव्हॉल्व्ह बघायला नदीत उतरतो.