तीन महिन्यांची मुदत

१८७८ चा वन कायदा नुकताच लागू झाला आहे. तुम्ही वारणेच्या खोऱ्यात, एका गावच्या चावडीसमोर उभे आहात. दवंडी झाली, जाहीरनामा वाचून झाला. सरकार हा डोंगर राखीव करणार आहे. ज्याचा काही हक्क असेल त्यानं तो लेखी द्यावा किंवा साहेबापुढं समक्ष येऊन सांगावा. मुदत तीन महिने. जाहीरनामा मराठीतच आहे, शब्द कळताहेत. तुमच्या शेजारचा शेतकरी डोक्यावरचं इरलं सावरतो आणि चालू लागतो. त्याला भाताची लावण उरकायची आहे.

त्याची गुरं त्या डोंगरात चरतात. राब भाजायला तो तिथूनच टाहाळ आणतो, नांगराचं लाकूड आणतो, त्याची बायको हिरडा आणि शिकेकाई गोळा करते. याला हक्क म्हणतात आणि तो कुणापुढं जाऊन सांगावा लागतो, हे त्याच्या बापजाद्यांनी कधी ऐकलेलं नाही. त्याला हाक मारून थांबवावं असं तुम्हाला वाटेल. मुदतीत न मांडलेला हक्क कायद्यानं संपतो, हे त्याला सांगावं वाटेल. तो केव्हाच बांधावर पोहोचलाय. पुढच्या वर्षी त्याची गाय कोंडवाड्यात सापडेल, आणि ती सोडवायला त्याला दंड भरावा लागेल. हे हाल तेव्हा कुणी लिहिलेच नाहीत असं मात्र नाही. ज्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याला धारेवर धरलंय.

आता १९३० च्या जुलैत या. गाव बिळाशी, जिल्हा सातारा. सांगली जिल्हा अजून व्हायचा आहे. एप्रिलमध्ये दांडीला मीठ उचललं गेलं. इथं समुद्र नाही, जंगल आहे. याच महिन्यात लोकनायक अण्यांनी पुसदला राखीव रानातलं गवत कापून अटक करून घेतली, आणि ती हवा वारणाकाठीही पोहोचली आहे.

चिखलातून माणसांबरोबर वर चढा. भिजलेल्या घोंगड्यांचा वास, पायाखाली निसरडं. साग फुलोऱ्यावर आलाय, पांढुरके तुरे पावसानं खाली झुकलेत. एक कोवळं पान तोडून तळहातावर चुरगळा. हात लाल होतो, आणि धुतला तरी लगेच जात नाही. कुऱ्हाड चालू झाली आहे. लपूनछपून काही नाही, भरदिवसा, गाणी म्हणत, सगळ्यांसमक्ष. १८७८ च्या जागी आलेल्या १९२७ च्या वन कायद्याचं कलम २६ यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे: राखीव जंगलात झाड तोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही माणसं एकच साग तोडतात. खांद्यावरून गावात आणतात, देवळासमोर उभा करतात आणि त्यावर तिरंगा चढवतात.

मला हा उशिरा दाखल झालेला दावा वाटतो. आज्यानं जे साहेबापुढं सांगितलं नाही, ते नातू आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून सांगू पाहतोय. दाद मागायला दुसरी जागाच उरलेली नव्हती.

झेंडा उतरवायला पोलीस येतात. बाया पुढं होतात. त्यांच्यात राजूताई कदम आहेत. सप्टेंबरात गोळीबार होतो. शंकर भाऊ चमाटे आणि धोंडी संतू कुंभार जातात. तुम्ही तिथं आहात आणि काहीही करू शकत नाही.

पुढची वर्षं भराभर ओलांडा. इंग्रज जातात, १९२७ चा कायदा राहतो. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयात क्षणभर थांबा. निलगिरीतल्या जंगलांसाठी गोदावर्मन तिरुमुलपाड यांनी केलेल्या याचिकेवर आदेश निघतोय: मालकी कुणाचीही असो, शब्दकोशाच्या अर्थानं जे जंगल, ते जंगल, तिथं केंद्राच्या परवानगीशिवाय वनेतर काम करायचं नाही. देशातल्या कितीतरी रानांवरची कुऱ्हाड या आदेशानं थांबली. मला त्याचं मोल फार वाटतं. पण रानाकाठच्या गावांना विचारायचं ते राहूनच गेलं. बिळाशीच्या वरच्या अंगाचं चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० मध्ये कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं.

शेवटचा मुक्काम पाटण किंवा शिराळ्यातली ग्रामसभा. २००६ चा वनहक्क कायदा आलाय, आणि त्याच्या प्रस्तावनेतच ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे. दाव्यांना मुदत पुन्हा तीन महिनेच. फरक इतका, की कारण नोंदवून ती वाढवायचा अधिकार ग्रामसभेचा आहे. सामूहिक हक्क मिळाला की जंगल राखणं, तोड अडवणं हेही गावाच्या हाती येतं.

अट मात्र कडक आहे. आदिवासी नसलेल्यांनी १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवायची. बोटं मोडून मोजा: १९३० चा डिसेंबर. बिळाशीच्या गोळीबारानंतर जेमतेम तीन महिने.

पुरावा काय चालतो, हे वनहक्क समितीतला पोरगा वाचून दाखवतोय. म्हाताऱ्या माणसांचा लेखी घेतलेला जबाब चालतो. जुने नकाशे, सेटलमेंटचे अहवाल, जंगल खात्याची दप्तरं चालतात. कोर्टाचे निकालही चालतात. म्हणजे रानात गुरं घातली, लाकूड तोडलं म्हणून आज्याला शिक्षा झाली असेल, तर तो निकाल आज नातवाच्या बाजूनं साक्ष देतो: आजा तेव्हा इथं होता आणि याच रानावर जगत होता. तुमचं गाव या डोंगरांच्या पायथ्याशी असेल, तर जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात अर्ज टाका आणि १९३० चे जंगल गुन्ह्यांचे निकाल मागा.