प्रेमविवाहयोग

प्रेमविवाहयोग : फलज्योतिषातील एक विषय. विवाह स्वतःच्या पसंतीने होईल की वडीलधाऱ्यांनी ठरवून, आणि जोडीदार स्वजातीय, परजातीय, परधर्मीय की परदेशी असेल, हे जन्मपत्रिकेवरून सुचवणाऱ्या ग्रहस्थितींना हे नाव देतात. संज्ञा अर्वाचीन आहे.

ग्रंथाधार : विवाहाचा विचार मुख्यतः सप्तम स्थानावरून करतात. या स्थानाचे ‘जामित्र’ हे जुने नाव ग्रीकांकडून आलेले. वराहमिहिराचे बृहज्जातक (सहावे शतक), कल्याणवर्म्याची सारावली, मंत्रेश्वराची फलदीपिका या ग्रंथांत सप्तमावरून पत्नीचे रूप, स्वभाव, आयुष्य सांगितले आहे, स्त्रीजातकात पतीचे. विवाह कोणाच्या पसंतीने झाला याला मात्र तिथे स्वतंत्र प्रकरण नाही. स्मृतिकारांना हा भेद ठाऊक होता. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातील आठ विवाहांत परस्परांच्या इच्छेने होणारा गांधर्व आहेच.

या विषयावरचा सर्वांत मोलाचा आधार जातकग्रंथांत नसून कृष्ण यजुर्वेदाच्या आपस्तंब गृह्यसूत्रात आहे. त्याच्या तिसऱ्या खंडात वधूपरीक्षा येते. नक्षत्राचे, नदीचे किंवा वृक्षाचे नाव असलेली मुलगी टाळावी असे तिथे म्हटले आहे. पुढे बीजे, वेदीची माती, शेतातले ढेकूळ, शेण आणि स्मशानातले ढेकूळ झाकून तिच्यापुढे ठेवायचे व तिचा हात कशावर पडतो ते पाहायचे, असा विधी दिला आहे. एवढे सांगून झाल्यावर सूत्रकार काही आचार्यांचे मत नोंदवतो : जिच्यावर मन आणि डोळे जडले तिच्याशीच भरभराट होते, बाकी काही पाहू नये. हे मत पुरुषाच्या बाजूने मांडलेले आहे. तरीही सर्व परीक्षांच्या शेवटी ते यावे, ही गोष्ट पुढच्या संग्रहकारांनी जेवढी लक्षात घ्यायला हवी होती तेवढी घेतलेली दिसत नाही. केरळातील प्रश्नमार्ग (सतरावे शतक) हा याला ठळक अपवाद. विवाहाच्या अनेक अनुकूलता मोजताना त्याने वधूवरांच्या मनाच्या ओढीला वरचे स्थान दिले आहे. मुलामुलीची पसंती आधीच झालेली असताना पत्रिका दाखवायला आलेल्या घराला जोशीबुवांनी सर्वांत आधी हे वाचून दाखवावे.

परजातीय जोडीदार : बृहज्जातकात ग्रहांना वर्ण दिले आहेत. गुरू-शुक्र ब्राह्मणांचे, रवी-मंगळ क्षत्रियांचे, चंद्र वैश्यांचा, बुध शूद्रांचा आणि शनी अंत्यजांचा स्वामी. सप्तमावर शनीचा प्रभाव असता जोडीदार परजातीय किंवा ‘खालच्या’ घरचा, हे पुढचे अनुमान या वाटणीवर उभे दिसते. राहूकडे परधर्मीयांचे व परदेशीयांचे कारकत्व आले. ते केव्हा आणि कोठून आले, याबाबत एकमत नाही. ही वाटणी समाजातल्या उतरंडीची आहे. ग्रहांच्या गतीशी तिचा संबंध दाखवता येत नाही. म्हणून आजच्या मुलीला ‘सप्तमात राहू, घराण्याला कमीपणा’ असे सांगणे अन्यायाचे आहे. खुद्द वराहमिहिराने बृहत्संहितेत यवन हे म्लेंच्छ असले तरी या शास्त्रातील अधिकारामुळे ऋषींप्रमाणे पूज्य मानले आहेत.

आधुनिक योग : पंचमेश व सप्तमेश (पाचव्या व सातव्या स्थानांचे स्वामी) यांची युती किंवा अन्योन्ययोग, सप्तमाशी शुक्र-मंगळाचा संबंध, सप्तमेश नवमात वा व्ययात (परदेशी जोडीदार), सप्तमात राहू. कृष्णमूर्ती पद्धतीत विवाहासाठी 2, 7, 11 ही स्थाने घेतात; त्यांत 5 आले की प्रेमविवाह. हे योग इतके आहेत की यांतला एकही नसलेली पत्रिका सापडणे कठीण.

गुणमेलन : वर्ण 1, वश्य 2, तारा 3, योनी 4, ग्रहमैत्री 5, गण 6, राशिकूट 7, नाडी 8, एकूण 36. निदान 18 जुळावेत असा प्रघात आहे. यात फक्त चंद्राची रास व नक्षत्र पाहतात, त्यामुळे इथला वर्ण जातीचा नसून राशीचा असतो. कर्क, वृश्चिक, मीन या ब्राह्मण. मिथुन, तूळ, कुंभ या शूद्र. ब्राह्मण घरातल्या मिथुन राशीच्या मुलाचा वर्ण कोष्टकात शूद्र येतो आणि कोणत्याही जातीतल्या मीन राशीच्या मुलीचा ब्राह्मण. म्हणजे आंतरजातीय विवाहाला गुणमेलनाची आडकाठी नाही. दोघांची नाडी एकच (एकनाड) आली की 8 गुण जातात आणि पुष्कळ स्थळे तिथेच मोडतात. मात्र राम दैवज्ञाच्या मुहूर्तचिंतामणीत (काशी, 1600) रास एक व नक्षत्रे भिन्न असता, किंवा नक्षत्र एक व चरण भिन्न असता दोष मानलेला नाही. हा परिहार पुष्कळदा सांगितलाच जात नाही.

परदेशी जोडीदाराची पत्रिका : पहिली अडचण जन्मवेळेची. फ्रान्स, जर्मनी व स्कॉटलंड येथील जन्मनोंदीत वेळ असते; इंग्लंडमध्ये ती सहसा जुळ्यांच्याच दाखल्यावर मिळते. वेळ नसल्यास लग्नरास व स्थाने काढता येत नाहीत. नावाच्या आद्याक्षरावरून रास धरण्याची सोय अवकहडा चक्रात आहे, पण परभाषेतल्या नावाला ते चक्र लावणे ओढूनताणून होते. दुसरी अडचण राशीची. पाश्चात्त्य गणना सायन व रविप्रधान, आपली निरयन व चंद्रप्रधान. दोहोंत आज सुमारे 24 अंशांचा फरक आहे. 5 एप्रिलला जन्मलेल्याचा रवी तिकडे मेषेत, इकडे मीनेत. दोघांच्या पत्रिका एकाच पद्धतीने मांडल्याशिवाय तुलना करू नये.

कायदा : आंतरजातीय हिंदू विवाहांची वैधता 1949 च्या कायद्याने निःसंशय झाली, भिन्नधर्मीयांसाठी विशेष विवाह कायदा, 1954. पत्रिकेचा उल्लेख दोहोंत नाही.

पडताळणी : डेव्हिड व्होअस यांनी इंग्लंड-वेल्सच्या 2001 च्या जनगणनेतील सुमारे 1 कोटी जोडप्यांच्या सायन रविराशी तपासल्या. जोडीदार निवडण्यावर राशीचा प्रभाव आढळला नाही. जयंत नारळीकर व सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात घेतलेली चाचणी विवाहावर नव्हती. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ओळखायच्या होत्या, आणि 27 ज्योतिषांची उत्तरे सरासरीने सुमारे 46 टक्के बरोबर निघाली.