जुन्या पिकअपला नवे डिझेल इंजिन : बसते कसे, अडते कुठे?

नागपूर : काटोल-नरखेडची संत्री कळमन्याच्या बाजारात आणणाऱ्या गाड्यांमध्ये पंधरा-वीस वर्षांच्या जुन्या पिकअप आजही दिसतात. चेसिस शाबूत असते, पाटे बदलता येतात. मान टाकते ते इंजिन. अशा वेळी मालकापुढे दोन वाटा असतात. त्याच इंजिनाचे पुन्हा काम काढायचे, किंवा अपघातात निकामी झालेल्या अलीकडच्या गाडीचे इंजिन आणून बसवायचे. दुसरी वाट मोहात पाडणारी आहे आणि कसबी मेकॅनिक ती पार पाडूनही देतात. मात्र लोखंडाचे काम हा त्यातील सोपा भाग आहे. गाडी अडते ती वायरिंगच्या जुडग्यात आणि त्याहून अधिक आरसी बुकात.

इंजिन बदलण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा ती जीप पेट्रोलवर चालत असे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि डिझेलकडे ओढा वाढला. कंपनीने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोकडून ‘एक्सडीपी ४.९०’ या २,११२ सीसी डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. कंपनीने नव्या गाड्यांत जे केले, तेच गॅरेजवाल्यांनी जुन्या गाड्यांत केले. पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल चढविलेल्या जीप गावोगाव धावू लागल्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या मूळ कलम ५२ नुसार अशा बदलाची आगाऊ सूचना देऊन नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता घेतली, की मालकाचे काम होत असे.

त्या काळचे डिझेल इंजिन सर्वस्वी यांत्रिक होते. पंप, चार नोझल, ग्लो प्लग आणि एक बॅटरी एवढ्यावर ते चालत असे. नोझल उघडण्यास शे-सव्वाशे बार दाब पुरेसा होता. आजच्या कॉमन रेल इंजिनात हाच दाब १,६०० बार वा त्याहून अधिक असतो. डिझेल किती आणि कोणत्या क्षणी सोडायचे, हे ईसीयू हा संगणक ठरवितो. क्रँक, कॅम, हवा, पाण्याचे तापमान आणि अॅक्सिलरेटरचे पेडल यांवरील सेन्सर त्याला माहिती पुरवितात. म्हणून नुसते इंजिन विकत आणून भागत नाही. ईसीयू, संपूर्ण वायरिंग, पेडल आणि इमोबिलायझर ओळखेल अशी किल्ली, हे सारे त्याच गाडीचे हवे. भंगारवाल्याने घाईत कापलेले वायरिंग हे अशा कामातील मोठे दुखणे ठरते.

लोखंडाच्या कामालाही क्रम आहे. नवे फाउंडेशन बनवून चेसिसला जोडावे लागते. इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांच्या मधे अडॅप्टर प्लेट येते. तेलाची टाकी पुढच्या अॅक्सलला घासणार नाही, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडणार नाही, टर्बोची उष्णता स्टिअरिंग बॉक्सला लागणार नाही, हे पाहावे लागते. यात खरी मेख टॉर्कची आहे. प्यूजोचे ते इंजिन साधारण ६० अश्वशक्तीचे. स्कॉर्पिओमधील २,१७९ सीसीचे ‘एमहॉक’ इंजिन १२० अश्वशक्ती आणि २९० न्यूटन मीटर टॉर्क देते. म्हणजे गिअरबॉक्स, शाफ्ट आणि डिफरन्शियल ज्या जोरासाठी घडविले, त्याच्या दुपटीहून अधिक जोर त्यांच्यावर पडतो. आधी क्लच जातो, मग गिअरचे दात. जुन्या गाडीचे ड्रम ब्रेकही मूळच्या वेगासाठीच असतात, हे तर अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

नागपुरात त्यावर उन्हाळ्याची भर पडते. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. टर्बो इंजिनाला इंटरकूलर आणि मोठे रेडिएटर लागते. जुन्या जाळीमागे दोन्हींना जागा मिळेलच असे नाही. हिवाळ्यात सुरळीत चाललेली गाडी एप्रिलमध्ये भर दुपारी उकळू लागते, ती यामुळेच.

आता कागदांचे. कलम ५२ मधील दुरुस्ती ११ ऑगस्ट २००० पासून लागू झाली आणि जुनी सोय संपली. निर्मात्याने मुळात ठरविलेल्या तपशिलांशी आरसी बुकातील नोंदी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात हीच भूमिका कायम केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच मेक आणि प्रकाराचे इंजिन बदलणे ही गोष्ट वेगळी. ते कायद्याला मंजूर आहे, मात्र परवानगी व नोंद हवी. मान्यतेविना इंजिन बदलले गेले असल्यास १४ दिवसांत आरटीओला कळविण्याचे बंधन आहे. गाडी हप्त्यांवर असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेची लेखी संमतीही घ्यावी.

डिझेलच्या जागी सीएनजी इंजिन बसविण्यास मात्र केंद्रीय नियमांत वाट आहे. ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने साडेतीन टनांपेक्षा कमी वजनाच्या बीएस-६ गाड्यांनाही ती खुली केली. जुन्या धुरकट डिझेलऐवजी स्वच्छ डिझेल बसवू पाहणाऱ्याला अशी वाट नाही, ही मालकांना खटकणारी बाब आहे. त्यांची तक्रार अगदीच चुकीची नाही. पण पूर्ण बरोबरही नाही. बीएस-४ गाडीचे इंजिन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ईजीआर वगळून बसविले, तर ते बीएस-४ राहत नाही. बीएस-६ इंजिनाबरोबर तर काजळी अडविणारा फिल्टरही आला, आणि जोडकामात सर्वांत आधी गाळले जाते ते हेच.

नोंद नसलेले इंजिन लपून राहण्याचे दिवसही सरले आहेत. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. उच्च सुरक्षा नोंदणी पाटीसाठी अर्ज करतानाही चेसिस व इंजिन क्रमांक द्यावा लागतो. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षकही हे आकडे ताडून पाहतो आणि न कळविलेल्या बदलावरून दावा अडकू शकतो. जुने इंजिन विकत घेताना त्यावरील क्रमांक खोडलेला नसावा, विक्रेत्याचे बिल आणि मूळ गाडीच्या आरसीची प्रत हाती असावी. अन्यथा चोरीच्या गाडीचे इंजिन गळ्यात पडण्याची भीती असते.

त्यामुळे कागद स्वच्छ ठेवू इच्छिणाऱ्या मालकासमोर उरते ते मूळ प्रकारचेच इंजिन. ते बाहेर काढून बोअर, पिस्टन, क्रँक नवे करून घेणे किंवा त्याच प्रकारचे दुसरे इंजिन परवानगीने चढविणे. पहिल्या कामात ब्लॉकवरचा इंजिन क्रमांक बदलत नाही, त्यामुळे आरसी बुकाला हात लावावा लागत नाही.