दुभाष्याची तीस वर्षे

दिवाळीच्या सुट्टीत 'खेळ सुरूच होत नाही!' ही आरोळी ज्या घरात उठत नाही, ते घर भाग्याचे म्हणायचे. मुलगा पुन्हा पुन्हा टिचकी मारतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा पहिल्यासारखा. यंत्र चांगले, खेळही चांगला. मग बिघडले काय? बहुधा काहीच नाही. खेळ लिहिला आहे विंडोजसाठी आणि घरच्या संगणकावर आहे लिनक्स. दोघांची बोली निराळी, एवढेच. पण या 'एवढेच'पायी काही माणसांनी तीस वर्षांहून अधिक काळ खर्ची घातला आहे, आणि ती हकीकत खेळाइतकीच रंजक आहे.

१९९१ साली हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून जगाला खुला केला. कोणीही तो वाचावा, दुरुस्त करावा. पण बाजारातले बहुतेक खेळ विंडोजचे. खेळ पावलोपावली काहीतरी मागत असतो: ही फाइल उघड, हा आवाज काढ, हे चित्र रेखाट. ही मागणी विंडोजच्या ठरलेल्या शब्दांत होते. लिनक्सला ते शब्दच ठाऊक नाहीत.

तेव्हा १९९३ मध्ये बॉब अ‍ॅमस्टॅट आणि एरिक यंगडेल यांनी एक दुभाषी घडवायला घेतला. त्याचे नाव वाइन. वर्षभरात अलेक्झांद्र ज्युलियार यांनी धुरा खांद्यावर घेतली आणि ती दशकानुदशके वाहिली. वाइन विंडोजच्या यंत्राचे सोंग आणत नाही. खेळाचा प्रत्येक प्रश्न ऐकतो आणि लिनक्सकडून उत्तर मिळवून देतो. खेळाला 'सी ड्राइव्ह' हवा असतो, म्हणून तो त्या नावाने एक साधा फोल्डर मांडून ठेवतो. पाहुण्याला आपल्याच घरी आल्यासारखे वाटले म्हणजे झाले!

काम मात्र कठीण. विंडोजची मूळ संहिता बंद पेटीत. शिवाय ज्याने ती कधी पाहिली असेल त्याने वाइनसाठी लिहायचे नाही, असा या मंडळींचा दंडक. चोरीचा संशयही नको! म्हणून बाहेरून प्रश्न टाकायचा, विंडोज काय करते ते पाहायचे आणि तसेच वागणारे आपले काही लिहायचे. जे राहून गेले त्याची कबुलीही ते देत. आजही खेळ अडला आणि वाइन टर्मिनलमधून चालवला, की पडद्यावर 'फिक्समी' असे शब्द उमटतात. म्हणजे, हे अजून दुरुस्त व्हायचे आहे. प्रत्येक 'फिक्समी' घातक नसतो. पण दुरुस्तीची सुरुवात तेथूनच होते. एखादी लायब्ररी सापडत नाही, की चित्र काढणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हर जुना आहे, हे त्या ओळी वाचणाऱ्याला कळते. अशा हजारो अडचणी खेळणाऱ्यांनी नोंदवल्या. 'प्लॅटिनम'पासून 'गार्बेज'पर्यंत प्रत्येक खेळाला प्रत लावली. पहिली पक्की आवृत्ती यायला जून २००८ उजाडला. पंधरा वर्षे!

तरी नवे खेळ अडतच होते. १९९५ पासून विंडोजची चित्रे डायरेक्टएक्स नावाच्या बोलीत रेखाटली जात, आणि ती वेगाने उलथणे अवघड. फिलिप रेबोले या तरुणाला 'निअर: ऑटोमाटा' हा खेळ लिनक्सवर खेळायचा होता. त्या हौसेपायी त्याने डीएक्सव्हीके लिहिले. ते डायरेक्टएक्सची मागणी व्हल्कन या खुल्या बोलीत सांगते. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र बांधून 'प्रोटॉन' काढले. २०२२ साली तिने स्टीम डेक हे हातात मावणारे खेळयंत्र विकायला आणले. ते लिनक्सवरच चालते.

मग सगळे मिटले का? नाही. काही स्पर्धेच्या खेळांबरोबर लबाडी पकडणारा पहारेकरी येतो आणि तो परक्या घरात पाऊल ठेवायला तयार नसतो. २०२४ मध्ये 'एपेक्स लेजंड्स' या खेळाने लिनक्सवाल्यांना दार बंद केले. तोवर तो तेथे व्यवस्थित चालत होता! म्हणजे अडचण भाषेची नव्हती, विश्वासाची होती. आणि अविश्वासाला दुभाष्याकडे औषध नाही.

मात्र दुसऱ्या बाजूला एक गंमत घडली. १९९२ च्या विंडोज ३.१ साठी लिहिलेले सोळा बिटांचे खेळ आजच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजवर चालत नाहीत. वाइनखाली त्यांतले कितीतरी अजून चालतात. पोटची लेकरे ज्याला विसरली, त्या म्हाताऱ्याला शेजाऱ्याने ओसरीवर जागा दिली! तेव्हा मुलाचा खेळ अडला तर यंत्राला दोष देण्याआधी टर्मिनल उघडावे आणि पहिली चूक कोठे उमटली ते वाचावे. जमले, तर वडिलांच्या बाळपणीचा एखादा खेळही शोधून लावून पाहावा. या दिवाळीत बापलेकांना तेवढे निमित्त पुरे आहे.