अकाली जन्मलेल्या बालकांच्या आतड्यातील जीवाणू आणि परिचारिकांच्या नोंदी

आठवा महिना लागण्यापूर्वीच जन्मलेले, जेमतेम एक किलो वजनाचे बालक काचेच्या पेटीत तीन आठवडे तग धरते. श्वासाची नळी निघालेली असते, दुधाचे प्रमाण दररोज थोडेथोडे वाढविले जात असते आणि आईवडील बाळाला घरी नेण्याच्या गोष्टी बोलू लागलेले असतात. अशाच एखाद्या दिवशी बाळाचे पोट फुगते, पाजलेले दूध पचेनासे होते, शौचात रक्त दिसते आणि काही तासांतच बाळ अत्यवस्थ होते. या आजाराचे नाव नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस. नवजात अतिदक्षता विभागात तो ‘एनईसी’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो.

या आजारात आतड्याच्या भिंतीला तीव्र दाह होऊन तिचा काही भाग मृत होतो. कधी आतड्याला छिद्र पडते. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकांपैकी साधारणपणे ५ ते १० टक्के बालकांना तो होतो, आणि ज्यांना होतो त्यांतील २० ते ३० टक्के बालके दगावतात. शस्त्रक्रिया करावी लागल्यास धोका आणखी वाढतो. जी बालके वाचतात त्यांतील काहींचे आतडे कापून आखूड झालेले असते, तर काहींची वाढ आणि बौद्धिक विकास मागे पडतो. लक्षणे दिसू लागली तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणूनच लक्षणांपूर्वी आतड्यात काय घडते, हा प्रश्न गेली अनेक वर्षे संशोधकांपुढे आहे. त्याच्या उत्तराचा शोध बालकाच्या लंगोटात घेतला जात आहे.

शौचाच्या नमुन्यांचा इतिहास

नवजात बालकांच्या शौचाचा शास्त्रीय अभ्यास नवा नाही. जर्मन-ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिख यांनी १८८५ मध्ये बालकांच्या शौचातून एका जीवाणूचे वर्णन केले. आज सर्वांना ठाऊक असलेल्या ‘ई. कोलाय’ जीवाणूच्या नावातील पहिले अक्षर त्यांच्याच आडनावावरून आले आहे. पुढे १९०० च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हेन्री टिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बालकांच्या शौचात दोन फाटे फुटलेल्या आकाराचा जीवाणू सापडला. तो बिफिडोबॅक्टेरियम होय.

या जीवाणूचे आणि मातेच्या दुधाचे नाते विलक्षण आहे. आईच्या दुधात दुग्धशर्करा आणि स्निग्ध पदार्थ यांच्या खालोखाल ज्या घन घटकाचे प्रमाण असते, त्या गुंतागुंतीच्या शर्करा बाळाला स्वतःला पचवताच येत नाहीत. त्या पचवतो तो बिफिडोबॅक्टेरियम. आई एकाच वेळी बाळाला आणि बाळाच्या पोटातील जीवाणूंना जेवू घालते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

पूर्ण दिवसांच्या बालकाच्या आतड्यात हे जीवाणू आई, दूध आणि घर यांच्याकडून येतात. अकाली जन्मलेल्या बालकाचे पहिले घर मात्र रुग्णालय असते. त्याचा जन्म बहुधा शस्त्रक्रियेने होतो, पहिल्याच दिवशी प्रतिजैविके सुरू होतात, नाकातोंडात नळ्या असतात आणि आईचा स्पर्श दुर्मीळ असतो. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील एका रुग्णालयात जिलियन बॅनफिल्ड, मायकेल मोरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिदक्षता विभागातील वस्तूंवरचे आणि बालकांच्या आतड्यांतील जीवाणू तपासले. दोन्हीकडे काही ठिकाणी एकच वाण असल्याचे त्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केले.

सेंट लुईसचा अभ्यास

या विषयातील सर्वांत चिकाटीचे काम सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात फिलिप टार आणि बार्बरा वॉर्नर यांच्या गटाने केले. ५८ अकाली जन्मलेल्या बालकांच्या शौचाचे ९२२ नमुने तपासून या गटाने २०१४ मध्ये एक अनपेक्षित निष्कर्ष मांडला. या बालकांच्या आतड्यात जीवाणूंची वस्ती वाटेल तशी होत नाही. तिला एक ठरलेला क्रम असतो. प्रथम बॅसिलाय वर्गातील जीवाणू येतात, मग ई. कोलाय आणि क्लेबसिएला ज्या वर्गात मोडतात त्या गॅमाप्रोटिओबॅक्टेरियाचे राज्य सुरू होते आणि शेवटी क्लॉस्ट्रिडिया वर्ग वरचढ होतो. प्रतिजैविके, आहार आणि प्रसूतीचा प्रकार यांमुळे या प्रवासाची गती बदलते, परंतु क्रम बदलत नाही.

दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात याच गटाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १६६ बालकांचे ३,५८६ नमुने त्यात होते. या बालकांपैकी ४६ जणांना पुढे एनईसी झाला होता. आजारी पडणाऱ्या बालकांच्या शौचात, आजार होण्याआधीच, गॅमाप्रोटिओबॅक्टेरियाचे प्रमाण वाढत गेल्याचे आणि ऑक्सिजनविना वाढणाऱ्या क्लॉस्ट्रिडिया व निगेटिव्हिक्यूट्स या वर्गांचे प्रमाण कमी राहिल्याचे दिसले. २७ आठवड्यांच्याही आत जन्मलेल्या बालकांमध्ये हा फरक अधिक ठळक होता. कोणत्याही एकाच जीवाणूकडे बोट दाखविता आले नाही. दोष एका गुन्हेगाराचा नसून सबंध वस्तीचा तोल ढळण्याचा आहे, असा त्याचा अर्थ लावला जातो.

अशा निष्कर्षांची किंमत नमुन्यांच्या संख्येत नसून त्यांच्या सलगपणात आहे. कोणते बालक आजारी पडणार हे आधी कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे प्रत्येक बालकाचे नमुने पहिल्या दिवसापासून जमवावे लागतात. आजार झाल्यावर मागील आठवड्याचा नमुना कोठूनही आणता येत नाही. हे काम प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ करू शकत नाही. ते रात्रपाळीची परिचारिका करते.

परिचारिकेच्या हातून

एक किलोच्या बालकाचे शौच ते किती? कधी चमच्याच्या टोकावर मावेल एवढेच. पहिले काही दिवस तर काळपट चिकट मळच पडतो आणि तोही वेळेवर पडेलच असे नाही. लंगोट बदलताना परिचारिका निर्जंतुक चमच्याने तो नमुना कुपीत घेते, वेळ लिहिते आणि कुपी लगेच थंडीत ठेवते. कारण उबदार जागी राहिल्यास कुपीतले जीवाणू वाढत जातात आणि बालकाच्या पोटातील चित्र बिघडते. पुढे हे नमुने उणे ८० अंश सेल्सिअसला गोठविले जातात. नमुन्यासोबतची नोंदही तितकीच मोलाची असते. बाळाने आईचे दूध घेतले की दुग्धपेढीचे की डब्याचे, किती मिलिलिटर घेतले, कोणते प्रतिजैविक किती दिवस चालले, पोटाचा घेर किती, बाळ आईच्या छातीवर किती वेळ होते, या माहितीशिवाय जीवाणूंच्या यादीला काही अर्थ उरत नाही.

नमुने जमवून देण्यापुरतीच परिचारिकांची भूमिका राहिलेली नाही. फ्लोरिडातील टँपा येथील साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या परिचर्या महाविद्यालयात मॉरीन ग्रोअर यांनी अत्यल्प वजनाच्या बालकांच्या सूक्ष्मजीवसृष्टीचा, अर्थात मायक्रोबायोमचा, अभ्यास स्वतः उभा केला. शाओमेई काँग या परिचारिका-संशोधक कनेक्टिकट विद्यापीठात असताना एका वेगळ्याच प्रश्नाकडे वळल्या. टाचेतून रक्त घेणे, नळी घालणे, चिकटपट्टी ओढणे असे वेदनादायी प्रसंग या बालकांवर रोज येतात. त्या ताणाचा आतड्यातील जीवाणूंशी आणि पुढे मेंदूच्या विकासाशी काही संबंध आहे काय, हे त्यांनी तपासण्यास घेतले. ॲरिझोनातील शीला गेफार्ट यांनी एनईसीचा धोका गुणांकनाने मोजण्याची ‘गटचेक एनईसी’ ही पद्धत तयार केली. बाळाच्या उशाशी बारा तास उभ्या राहणाऱ्या व्यक्तीला जे प्रश्न सुचतात ते सूक्ष्मदर्शकाशी बसलेल्याला सुचतीलच असे नाही.

प्रतिजैविके आणि दूध

जीवाणूंचा तोल ढळण्यास प्रतिजैविके कितपत कारणीभूत आहेत? अमेरिकेत अत्यल्प वजनाच्या ४,०३९ बालकांच्या नोंदींवर आधारित २००९ मधील अभ्यासात, जंतुसंसर्ग सिद्ध झालेला नसतानाही पहिली प्रतिजैविके पाच किंवा अधिक दिवस चालू ठेवलेल्या बालकांत एनईसी अथवा मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. असा संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे; तरीही संसर्ग नसल्याचे स्पष्ट होताच औषध थांबविण्याचा आग्रह त्यानंतर वाढला.

दुधाबाबतचा पुरावा मात्र जुना आणि भक्कम आहे. ब्रिटनमध्ये ९२६ अकाली जन्मलेल्या बालकांची पाहणी करून ॲलन लुकास आणि टिम कोल यांनी १९९० मध्ये दाखवून दिले, की केवळ कृत्रिम दुधावर असलेल्या बालकांत एनईसीचे प्रमाण केवळ मातेच्या दुधावरील बालकांच्या सहा ते दहा पट होते. त्याच्या एक वर्ष आधी, १९८९ मध्ये, मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली होती. पेढीतील दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापविले जाते. त्यात घातक जंतूंबरोबर उपयुक्त जीवाणूही मरतात, म्हणून आईचे स्वतःचे ताजे दूध, विशेषतः पहिला चीक, या सर्वांत वरचा मानला जातो. न्यूकॅसल येथील संशोधकांनी २०२१ मध्ये आणखी एक दुवा जोडला. आईच्या दुधातील एका विशिष्ट शर्करेचे प्रमाण कमी असलेल्या बालकांत एनईसी अधिक आढळला. म्हणजे सर्वच मातांचे दूध या बाबतीत सारखे नसते.

जीवाणू द्यावेत काय?

चांगले जीवाणू कमी पडत असतील तर ते दुधातून द्यावेत, हा विचार सरळ वाटतो. व्यवहारात तो तितका सरळ ठरलेला नाही. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील १,०९९ बालकांच्या चाचणीत, २०१३ च्या अहवालानुसार, तीन जीवाणूंचे मिश्रण दिलेल्या गटात एनईसीचे प्रमाण ४.४ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले. रक्तातील जंतुसंसर्ग मात्र लक्षणीय घटला नाही. इंग्लंडमध्ये १,३०० हून अधिक बालकांवर बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्हेची चाचणी झाली. २०१६ मध्ये तिचा निकाल आला तेव्हा कोणताच लाभ दिसला नाही. या चाचणीत एक गोष्ट परिचारिकांच्या दृष्टीने बोलकी होती. ज्या बालकांना जीवाणू दिलेच नव्हते, त्यांतील जवळजवळ निम्म्या बालकांच्या आतड्यातही तो कालांतराने पोहोचला होता. एका पेटीतून दुसऱ्या पेटीकडे जाणारी वाट हातांची, कपड्यांची आणि उपकरणांची असते.

त्यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या एका बालकाला दिलेल्या जीवाणूंनीच त्याच्या रक्तात शिरकाव केला होता आणि ते बालक दगावले होते. जनुकीय तपासणीत रक्तातील जीवाणू आणि बाटलीतील जीवाणू यांचा मेळ बसला. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी हा उपचार थांबविला. उलट, जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मातेच्या वा दात्या मातेच्या दुधावर असलेल्या, ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बालकांसाठी त्याचा विचार करण्यास हरकत नसल्याचे म्हटले होते. दोन्ही भूमिकांना आधार आहे. उपचाराने वाचणारी बालके आकडेवारीत असतात, त्यांना ओळखता येत नाही. उपचाराने दगावलेले बालक मात्र नावानिशी समोर असते.

भारतातील चित्र

जागतिक अंदाजानुसार २०२० मध्ये भारतात सुमारे ३० लाख बालके अकाली जन्मली; ही संख्या कोणत्याही देशापेक्षा अधिक होती. येथील धोक्याचे स्वरूपही निराळे आहे. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात दाखल झालेल्या १३,५३० नवजात बालकांच्या अभ्यासात ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय हे जंतुसंसर्गाचे प्रमुख कारण आढळले, आणि त्यांतील अनेकांवर नेहमीची प्रतिजैविके निष्प्रभ ठरत होती.

भारतातील सर्वांत गाजलेली जीवाणू-चाचणी ओडिशाच्या खेड्यांत झाली. डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी ४,५५६ बालकांपैकी निम्म्यांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लान्टेरम आणि त्याला पोषक शर्करा दिली. जंतुसंसर्ग आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आल्याचे २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. या वृत्ताने मोठी आशा निर्माण झाली. पण बातम्यांत एक तपशील बहुधा मागे पडला. ती बालके किमान दोन किलो वजनाची आणि ३५ आठवडे पूर्ण केलेली होती. काचेच्या पेटीतील एक किलोच्या बालकाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येत नाही.

त्या बालकांसाठी दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयातील बदल अधिक जवळचा आहे. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३,२११ बालके होती. त्यांचे वजन एक किलो ते एक किलो ७९९ ग्रॅम होते. जन्मानंतर लगेचच बाळाला आईच्या छातीशी ठेवण्याची कांगारू पद्धत वापरलेल्या गटात पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १५.७ टक्क्यांऐवजी १२ टक्के राहिले, आणि जंतुसंसर्गही कमी आढळला. रुग्णालयातील जीवाणूंऐवजी आईच्या त्वचेवरचे जीवाणू बाळाला आधी मिळतात, हे त्याचे एक संभाव्य कारण संशोधकांनी सांगितले आहे. यासाठी अतिदक्षता विभागात बाळाच्या शेजारी आईची खाट मांडावी लागली, आणि एकाच खोलीत बाळ व बाळंतीण अशा दोघांची शुश्रूषा परिचारिकांकडे आली.