हॉक माउंटन : गरुडांची पिल्ले कुठे गेली?

सन १९३२ चा शरद ऋतू. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, किटाटिनी डोंगररांगेच्या एका माथ्यावर बंदूकधाऱ्यांची गर्दी जमत असे. उत्तरेकडून दक्षिणेला निघालेले ससाणे, तिसे आणि गरुड त्यांच्या डोक्यावरून इतक्या खालून जात, की नेम चुकणेच अवघड. रिचर्ड पाऊ या तरुण छायाचित्रकाराने तेथील मेलेले पक्षी गोळा करून जमिनीवर ओळीने मांडले आणि त्यांची छायाचित्रे घेतली.

हे पक्षी त्याच डोंगरावरून का जात? थंड हवेची लाट येऊन गेली की वायव्येचा वारा या लांबलचक रांगेवर आदळतो आणि वर चढतो. त्या चढत्या हवेवर पंख पसरून पक्षी मैलोन्मैल तरंगत जातात. पंख हलवण्याचे श्रम वाचतात. पक्ष्यांची ही सोय शिकाऱ्यांच्याही पथ्यावर पडली.

शिकारी पक्षी म्हणजे कोंबड्यांचे आणि रानपक्ष्यांचे शत्रू, अशी तेव्हाची सर्वमान्य समजूत होती. १९२९ पासून राज्य सरकार ‘गोशॉक’ या बाजाच्या प्रत्येक शिकारीमागे ५ डॉलरचे इनाम देत होते. मंदीच्या काळात ही रक्कम लहान नव्हती. शिवाय आकाशातला पक्षी गोशॉकच आहे की दुसरा कोणी, हे पाहण्याची तसदी किती जण घेणार?

पाऊची छायाचित्रे न्यूयॉर्कच्या रोझली एज यांच्यापर्यंत पोहोचली. स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्यात तयार झालेल्या या बाई पक्षीसंस्थांच्या गुळमुळीत धोरणांवर जाहीर टीका करत. डोंगर वाचवण्याच्या गोष्टी पुष्कळ झाल्या, कृती कोणीच केली नाही. तेव्हा १९३४ मध्ये त्यांनी सुमारे १,४०० एकर जमीन ५०० डॉलर देऊन भाडेपट्ट्याने घेतली. राखणीसाठी मॉरिस ब्राऊन हे निसर्गअभ्यासक आणि त्यांच्या पत्नी अर्मा आल्या. अर्मा वाटेवर उभ्या राहून बंदूकधाऱ्यांना परत पाठवत. त्या शरदात त्या माथ्यावरचा गोळीबार थांबला.

मॉरिस मात्र माथ्यावरच्या खडकांवर बसून पक्षी मोजू लागले. दिवसामागून दिवस, जातीनिहाय. बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचा गरुड, दिसला तर तो प्रौढ की पिल्लू हेही ते नोंदवत. ही ओळख दुरूनही पटते: पिल्लू सर्वांगाने गडद तपकिरी असते, डोके पांढरे व्हायला त्याला सुमारे पाच वर्षे लागतात. त्या वेळी या नोंदीचा उपयोग काय, असे कोणी विचारले असते तर समाधानकारक उत्तर मिळाले नसते.

१९३९ मध्ये पॉल म्युलर यांनी डीडीटीचे कीटकनाशक गुण शोधले. महायुद्धात सैनिकांचे रोगांपासून रक्षण करणारी ही भुकटी युद्धानंतर अमेरिकेच्या शेतांवर आणि जंगलांवर विमानांतून फवारली जाऊ लागली. दरम्यान ब्राऊन नौदलात गेल्यामुळे १९४३ ते १९४५ या काळात मोजणी खंडित झाली होती. ते परतल्यावर ती पुन्हा सुरू झाली.

रेचल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात ब्राऊन यांचे आकडे मांडले. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या गरुडांपैकी ४० टक्के लहान वयाचे होते. १९५५ ते १९५९ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर आले. १९५७ मध्ये तर ३२ प्रौढांमागे एकच पिल्लू.

येथे एकूण संख्येपेक्षा हे गुणोत्तर महत्त्वाचे. एकूण संख्या वाऱ्यावर, धुक्यावर, निरीक्षकाच्या डोळ्यांवरही अवलंबून असते. शिवाय गरुड वीसवीस वर्षे जगतो. घरटी रिकामी राहू लागली तरी म्हातारे पक्षी दर शरदात येतच राहतात आणि सारे ठीक असल्याचा भास होतो. पिल्लांच्या रकान्याने तो भास मोडला. आणि तुलनेसाठी डीडीटीपूर्वीची पाच वर्षे हाताशी होती, ती केवळ कोणीतरी आधीच मोजत बसले होते म्हणून. हे आकडे विषारी द्रव्याकडे थेट बोट दाखवत नव्हते, हेही खरे. डीडीटीच्या अंशामुळे अंड्यांचे कवच पातळ होते, हा दुवा १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात संशोधकांनी जुळवला.

‘सायलेंट स्प्रिंग’ सप्टेंबर १९६२ मध्ये प्रकाशित झाले. रोझली एज त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला वारल्या. अमेरिकेत डीडीटीच्या शेतीवापरावर बंदी आली ती १९७२ मध्ये. त्याच वर्षी ससाणे, बाज यांना देशभर कायद्याचे संरक्षणही मिळाले. २००७ मध्ये बाल्ड ईगलचे नाव संकटग्रस्त जातींच्या यादीतून काढण्यात आले. हॉक माउंटनवर शरदातली मोजणी आजही चालते.